जुन्नरचं पर्यटन शेतीच्या वर्षाप्रमाणे आखा : एक खुलं पत्र

प्रति,
जुन्नर तालुक्याच्या पर्यटनाचे आराखडे आखणारे सर्व अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि सल्लागार यांस,

सप्रेम नमस्कार.

२०१८ साली राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या गावच्या पारावर पेढे वाटले गेले होते. आनंद खराच होता. शिवनेरी आमच्याकडे, अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर आमच्याकडे, नाणेघाट आमच्याकडे, माळशेजचा माथा आमच्याकडे. एवढं एका तालुक्याच्या वाट्याला आलेलं असताना सरकारदरबारी त्याची दखल घेतली जावी, यात कुणाचं दुमत असणार? पण त्यानंतर जे बोललं गेलं त्यात कमानी होत्या, महोत्सव होते, रोपवे होता, काचेच्या पुलाची चर्चा होती. शेती मात्र शोधूनही सापडत नव्हती. सापडली तर "कृषी पर्यटनाला वाव" अशा एका ओळीत. ज्या तालुक्यातली बहुतेक घरं शेतावर जगतात, तिथला पर्यटनाचा आराखडा शेतीला एका ओळीत उरकतो, हे मला पटलेलं नाही. म्हणून हे पत्र.

माझी मागणी तशी एकच आहे. जुन्नरचं पर्यटन शेतीच्या वर्षाप्रमाणे आखा. कुठल्या महिन्यात पाहुणा कुठे यावा, कुठे येऊ नये, आला तर कुणाच्या घरी जेवावा आणि त्याचा पैसा कुठल्या गावात राहावा, हे पीक पाहून ठरवा. धबधबे आणि किल्ले कुठे जात नाहीत. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, मात्र चार दिवस चुकली तर वर्ष चुकतं.

हा हट्ट काही नवा नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथेच अडकून राहिला. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या खानाने काढून घेतला होता, तो परत मिळेपर्यंत बिचाऱ्याच्या जिवाला घोर होता. तरीही त्याच्या प्रवासवर्णनात जुन्नरचा पावसाळा आहे. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात, असं तो लिहून गेला. आमच्या तालुक्याबद्दल परक्या माणसाने लिहिलेल्या सगळ्यांत जुन्या वर्णनांपैकी हे एक. आणि त्याच्या नजरेला काय पडलं, तर चिखल आणि पेरणी.

त्याच्याही मागे जाऊ. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात. लेणी म्हटली की लोकांना भिक्षू आठवतात, राजे आठवतात. इथले शिलालेख वाचले तर वेगळीच माणसं भेटतात. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दोन पोढ्या खोदवून दिल्या आहेत. मानमोडीच्या एका लेखात अडुथुम नावाच्या शकाने करंजाची झाडं लावण्यासाठी वीस निवर्तनं आणि वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तनं जमीन लावून दिल्याचं कोरलेलं आहे. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशातून आलेला माणूस इथे रमला, तेव्हा त्याने डोंगरावर जमिनीचा आणि झाडांचा हिशेब कोरून ठेवला. आमचा वारसा एकीकडे आणि आमची शेती दुसरीकडे, अशी वाटणी जुन्नरमध्ये कधी नव्हतीच. ती आत्ता कागदावर होते आहे.

नाणेघाटाचंही तसंच. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल घाटाने चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. किती यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दिली, याची ती यादी. आकड्यांसाठी चिन्हं वापरलेले भारतातले जे सर्वांत जुने लेख आहेत, त्यांत याची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं शिल्लक आहेत आणि खाली काही पावलं. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं.

आता जुलैतल्या रविवारी तिथे काय दिसतं ते सांगतो. नाणेघाटाजवळच्या घाटघर गावाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली असते. रस्ता एका एसटीपुरता. समोरून गाडी आली की दोन्हीकडच्या गाड्यांची चाकं भाताच्या खाचरात उतरतात. उलटा धबधबा बघायला, म्हणजे कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने परत वर उडताना बघायला, हजारो माणसं एका दिवसात येतात. धबधबा बघण्यासारखाच आहे. मी स्वतः दरवर्षी जातो आणि दरवर्षी नव्याने थक्क होतो. पण त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना आवणी चाललेली असते. डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन बायका कमरेत वाकून रोपं लावत असतात. चिखलणी झालेल्या खाचरात पाणी किती ठेवायचं, याचा अंदाज बोटावर असतो. अशा वेळी फोटोसाठी बांधावर आठ-दहा जण चढले आणि बांध फुटला, की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात जातं आणि कालच लावलेली रोपं उपटून तरंगायला लागतात. बांध परत घालायला माणूस लागतो, आणि आवणीच्या दिवसांत मोकळा माणूस अख्ख्या गावात नसतो. संध्याकाळी पाहुणे निघून जातात. मागे दारूच्या बाटल्यांच्या काचा राहतात. त्याच चिखलात दुसऱ्या दिवशी अनवाणी पायांनी उतरायचं असतं. काच पायात गेली म्हणून ऐन आवणीत घरी बसलेली बाई मी पाहिली आहे, शेजारच्या वाडीतली. तिच्या रोजाची भरपाई कुठल्या आराखड्यात आहे?

यावर दरवर्षीचं उत्तर ठरलेलं आहे. कुठेतरी अपघात झाला की बंदीचा आदेश निघतो, चौकी बसते, आठ-पंधरा दिवसांत सगळं सैल होतं. बंदी हे काही नियोजन नव्हे. बंदीमुळे घाटघरातल्या पोरांनी लावलेली मक्याच्या कणसांची आणि चहाची टपरी बंद पडते, आणि उघडलं की पुन्हा तीच झुंबड. माझं म्हणणं असं की आवणीच्या पाच-सहा आठवड्यांत शनिवार-रविवारी खासगी गाड्या घाटघरच्या बऱ्याच अलीकडे थांबवा. तिथून पुढे एसटीच्या किंवा गावच्या गाड्या. संख्या ठरलेली. तिकीट ग्रामपंचायतीचं आणि पैसा तिच्याच खात्यात. नाणेघाटावर माणसांनी वाहतुकीसाठी पैसे मोजणं ही तर तिथली सगळ्यांत जुनी परंपरा आहे. या पैशातून आधी स्वच्छतागृह, मग कचरा उचलणारी माणसं, मग फुटलेल्या बांधाची मजुरी. हा क्रम ग्रामसभेत ठरू द्या. पश्चिमेच्या गावांपैकी बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे ग्रामसभेला विचारणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

या पश्चिम पट्ट्याबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण तो आराखड्यात फक्त "निसर्गरम्य परिसर" म्हणून येतो. चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी या किल्ल्यांच्या पायथ्याला महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. भात हे मुख्य पीक, नाचणी-वरई डोंगरउतारावर, आणि रोख पैसा देणारी गोष्ट म्हणजे हिरडा. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झाडावरून झोडून काढायचा, अंगणात, छपरावर, जागा नसेल तर रस्त्याच्या कडेला वाळत घालायचा. हिरवा असतो तो वाळून काळा, सुरकुतलेला आणि खडखडीत होतो. औषधांसाठी त्याला मागणी आहे. वर्षाचं मीठमिरची, पोरांची वह्या-पुस्तकं आणि एखादं लग्नकार्य यावर निघतं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने ही झाडं मोडली, तेव्हा भरपाई मिळवायला आदिवासींना आंदोलनं करावी लागली, कारण हिरड्याच्या झाडाचं नुकसान म्हणजे पिकाचं नुकसान, हे आधी मान्यच होत नव्हतं. किल्ले बघायला आलेली गाडी रस्त्याकडेच्या हिरड्यावरून जाते तेव्हा चालवणाऱ्याला वाटतं, पाचोळा आहे. त्याला कुणी सांगितलेलंच नाही. चावंडच्या पायथ्याला किल्ल्याच्या माहितीचा फलक लावताना त्याच फलकावर हिरड्याच्या चार ओळी लिहायला किती खर्च येतो?

एप्रिल-मेमध्ये जो पाहुणा येईल त्याला हिरडा झोडताना बघता येईल, देवराईतल्या गार सावलीत बसता येईल. ऑक्टोबरात आला तर पिवळं पडलेलं भात आणि त्याचा वास. दोन्ही वेळा गर्दी नसते, दोन्ही वेळा गावाला सवड थोडी जास्त असते. पण त्या महिन्यांत कुणी या म्हणून सांगत नाही. सगळ्या जाहिराती पावसाच्या.

आता पूर्वेकडे वळतो, म्हणजे माझ्या बाजूला. कुकडीचं पाणी आलं आणि हा भाग बदलला. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, चिल्हेवाडी अशी पाच धरणं या एका तालुक्यात आहेत. या पाण्यावर ऊस आला, टोमॅटो आला, कांदा आला, द्राक्षं आली. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात पहाटेपासून क्रेटच्या थप्प्या लागतात आणि मोकळ्या मैदानात बोली चालते. भाव चढला की बाजाराचा आवाजच बदलतो, आणि पडला की माणसं गाडीच्या टपाला टेकून गप्प उभी राहतात. शहरातल्या माणसाने एकदा तरी हे बघावं. ताटात कोशिंबीर येते त्यामागे काय असतं, ते त्याला तिथे एका तासात कळेल.

द्राक्षाच्या बागेबद्दल मात्र सावध करायला हवं, कारण "द्राक्षबागेत फेरफटका" ही कल्पना हल्ली सगळ्यांना आवडते. बाग ही उद्यान नसते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत रात्रीचा डोळा लागत नाही. ढग आले की फवारणी, दव पडलं की फवारणी. निर्यातीचा माल असेल तर कुठलं औषध कधी मारलं याची नोंद ठेवावी लागते आणि औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेत असावा लागतो. तयार मण्यावर पांढरट लव असते. बोट लागलं की ती पुसली जाते, तिथे मणी चकचकीत दिसतो आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. पाहुण्याने कौतुकाने हातात धरलेला घड असा आमच्या हिशेबातून जातो. म्हणजे पाहुणे नकोत असं नाही. पाहुण्यांसाठी चार ओळी वेगळ्या राखाव्यात, त्या आधीच मोजून त्यांचा दर ठरवावा, जानेवारी-फेब्रुवारीतच बाग उघडावी, आणि फवारणी झालेली असेल तर पैसे परत करून सरळ नाही म्हणावं. हे शेतकऱ्याला जमतं. त्याला फक्त कुणीतरी पाठीशी लागतं, कारण नाही म्हटल्यावर लोक चिडतात आणि इंटरनेटवर वाईट लिहितात.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्येच आलं आहे. नोंदणीची सोय आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण नोंदणी करून तरणतलाव आणि लॉन बांधणारा पुढे जातो आणि चार एकरांतला शेतकरी मागे राहतो. पाहुण्यांसाठी एक खोली आणि एक नीट संडास बांधायचा तर त्याला सोपं कर्ज हवं, घरच्या बाईच्या नावावर नोंदणी करता यायला हवी, कारण रांधणार तीच आहे. आणि पाण्याचा हिशेब तिथेच व्हायला हवा. धरणांच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथे उन्हाळ्यात बायका हंड्यासाठी पायपीट करतात. त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याकाठी रिसॉर्ट उभं राहिलं आणि त्याच्या हिरवळीवर पाणी मारलं गेलं, तर त्या पर्यटनाबद्दल गावाला आपुलकी वाटेल, अशी अपेक्षाच ठेवू नका.

जेवणाचं तर विचारूच नका. नाशिक महामार्गाने येणारा पाहुणा ढाब्यावर पनीर खाऊन परत जातो. मासवडी हा आमच्या भागाचा पदार्थ. बेसनाचं पीठ शिजवून, थापून, त्यात तीळ-खोबऱ्याचा झणझणीत मसाला भरून वड्या पाडायच्या, सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आणे गावी रंगदासस्वामींच्या यात्रेत कढयांमधून आमटी शिजते आणि गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात. हजारो माणसं एका पंगतीत आमटी-भाकरीचा प्रसाद घेतात. आणे पठार हा तालुक्यातला कोरडा भाग. पर्यटनाच्या नकाशावर तो जवळजवळ नाहीच. पण माणूस माणसाला कसं जेवू घालतो, हे ज्याला बघायचं असेल त्याने तिथेच जावं.

नारायणगाव तर तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेली ही कलावती शेवटी हलाखीत गेली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आजही पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, यात्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात. हंगाम कसा जाणार हे पाऊस आणि बाजारभाव यांवरून ठरतं. कांद्याला भाव असेल तर गाव मोठा फड लावतं, नसेल तर सुपारी कमी होते किंवा रद्द होते. शेती आणि कला इतकी एकमेकींना बांधलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल. या राहुट्यांच्या दिवसांत कलावंतांना राहायला धड जागा, पाणी आणि स्वच्छतागृह द्या. बाहेरच्या माणसाला समोर बसून ढोलकी ऐकता येईल, तमाशा आहे तसा बघता येईल, असा एखादा ठरलेला कार्यक्रम करा, आणि त्याची बिदागी पूर्ण फडाच्या हातात पडू द्या.

लेण्याद्री-ओझरला तर वर्षभर माणूस येतो. अष्टविनायकाच्या गाडीला घाई असते. दोन गणपती उरकून पुढचा गणपती. गिरिजात्मजाचं मंदिर हे मुळात बौद्ध विहार आहे, एकही खांब नसलेलं एवढं मोठं दालन डोंगर पोखरून काढलेलं आहे, शेजारीच चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचं प्रार्थनागृह, आहे, हे बहुतेकांना पायऱ्या उतरेपर्यंत कळलेलं नसतं. गावातल्या पोरांना लेण्यांचा इतिहास शिकवा, ब्राह्मी वाचायला शिकवा, ओळखपत्र आणि दर ठरवून द्या. यात्रेकरूंपैकी थोडे जरी अर्धा दिवस जास्त थांबले, तरी तुळजा लेण्यातलं गोल चैत्यगृह बघतील. बारा खांबांच्या वर्तुळात उभा असलेला तो स्तूप आहे, भारतात असा आराखडा फार थोड्या ठिकाणी सापडतो. आज तिथे जाणाऱ्याला वाट विचारत जावं लागतं.

शिवनेरीबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्रातल्या पोराला सांगावी लागत नाही. गड सांभाळलाही जातो. एवढीच विनंती आहे की सात दरवाजे चढून, शिवाई देवीला नमस्कार करून, शिवजन्मस्थान पाहून माणूस खाली उतरला की त्याला जुन्नर शहरात थांबावंसं वाटेल असं काही करा. १४९० मध्ये निजामशाही उभी राहिली तेव्हा तिची पहिली राजधानी जुन्नर होती. जुन्या बारवा आहेत, घुमट आहेत, आणि त्यांच्या कडेने आज भाजीची रोपवाटिका दिसते.

दोन जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी जगभरातून अभ्यासक येतात आणि तालुक्यातल्याच माणसाला त्या नीट माहीत नाहीत. बोरी गावाजवळ कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर काम केलं. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी या राखेचं नातं जोडलं जातं, वयाबद्दल अभ्यासकांत वादही आहेत. तिथेच अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली. हा थर म्हणजे नदीकाठची माती आहे, आणि नदीकाठची माती उचलून नेली जाते. जेसीबीला राख आणि गाळ यातला फरक कळत नाही. इथे कमान नको, साधं कुंपण, एक फलक आणि गावातला एक राखणदार पुरे.

दुसरी जागा खोडद. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, त्यांपैकी काही एका ठिकाणी आणि बाकीच्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात तीन दिशांना, चक्क शेतांच्या मधोमध. कांद्याला पाणी धरणारा माणूस आणि मागे आकाशगंगांचे संदेश ऐकणारी थाळी, हे दृश्य मला जगातलं सगळ्यांत सुंदर दृश्य वाटतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे प्रदर्शन भरतं, शाळाशाळांची पोरं येतात. त्याच दिवसांत द्राक्षं तयार असतात. या दोन गोष्टी जोडून मुंबई-पुण्याच्या शाळांच्या सहली दोन दिवसांच्या का करता येऊ नयेत? मुक्काम शेतकऱ्याच्या घरी, सकाळी खोडद, दुपारी बाग, संध्याकाळी लेणी. पोरांना आयुष्यभर पुरेल.

मुक्काम म्हटला की बिबट्याचा विषय टाळून चालणार नाही, आणि तो तुम्ही जाहिरातीतही टाळू नये. आमच्या उसात बिबट्या राहतो, तिथेच वितो, ऊसतोडीत पिल्लं सापडतात आणि वन विभागाची माणसं ती परत आईपर्यंत पोहोचवायचा प्रयत्न करतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. माणसं दगावली आहेत, लेकरं गेली आहेत. त्या घरांचं दुःख शेजारी राहून पाहिलेलं आहे, त्यामुळे "बिबट्या सफारी" हे शब्द उत्साहाने उच्चारले जातात तेव्हा मला ते झेपत नाही. काही करायचं तर आधी शेतावरच्या वस्त्यांना दिवे द्या, शेतीपंपाला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री पाणी धरायला जावं लागणार नाही. पाहुण्याला अंधार पडल्यावर काय करायचं नाही ते लेखी द्या. शेतकऱ्याच्या पोराला संध्याकाळी अंगणात खेळता आलं, की पाहुण्याचीही सोय आपोआप होते.

रोपवे आणि काचेचा पूल यांना माझा सरसकट विरोध नाही. म्हाताऱ्या माणसांना गड बघता आला तर कुणाला नको आहे? पण जिथे बाईमाणसाला आडोसा शोधावा लागतो, जिथे दिवसातून मोजक्या एसटी जातात, जिथे लेण्यापाशी त्याचं नाव सांगणारा फलक नाही, तिथे पैशाचा पहिला हप्ता काचेवर जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. स्वच्छतागृह, एसटी, फलक, वाटाड्या. एवढं झालं की मग हवी ती चर्चा करू.

आणि शेवटची विनंती. पुढचा आराखडा मंजूर होण्याआधी त्याची बैठक तालुक्याच्या ठिकाणी सभागृहात घेऊ नका. एक बैठक घाटघरला घ्या, एक बोरीला, एक आण्याला. पण आवणीत नको, द्राक्षाच्या छाटणीत नको आणि कांदा काढणीत नको. दिवाळी सरल्यावर भातं झोडून झाली की पश्चिमेची माणसं थोडी मोकळी असतात. तेव्हा या, बायकांनाही बैठकीला बोलवा आणि नकाशा मराठीत आणा. कुठला रस्ता कुणाच्या खाचरातून जातो आणि कुठल्या वाटेने पाहुणा गेला तर चालेल, हे तिथली माणसं बोट ठेवून दाखवतील.

आपला नम्र,
कुकडीकाठचा एक शेतकरी
जुन्नर तालुका